कोऱ्या कागदावरचा अंगठा

चि. तेजस्विनी वकीलबाईंस,

एवढी शिकलीस अन् आजीला अक्षर येत नाही हेच विसरलीस? उद्याच्या साक्षीत काय बोलायचं ते मोबाईलवर लिहून धाडलंस! शेजारच्या आशानं वाचून दाखवलं. हे पत्रही मी सांगतेय तसं तीच लिहितेय.

तू लिहिलंयस, 'कागद वाचून दाखवला, मग मी साक्षीदार म्हणून अंगठा दिला.' तेजू, तू मला एवढंच विचारलं होतंस, 'अंगठा तुझाच ना?' माझाच गं. कागदावर काय होतं, ते नाही विचारलंस. काहीच नव्हतं. तुझ्या पक्षकारानं, महेशशेठनं, वणीच्या बेदाण्याच्या कारखान्यात कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. 'आजी, तुमच्या नातीला मोठी केस देतो,' म्हणाला. मी फुगले. आता त्यावर लिहिलंय म्हणे, त्याच्या भागीदारणीनं, कुसाबाईनं, कारखान्यातली भागीदारी राजीखुशीनं सोडली. मला वाचता येत नाही, पण कोरं कळतं.

आशा म्हणते, "हे पत्र आजच पाठवा की, आजी. भर कोर्टात पोरीची फजिती होईल."

होईल. तेवढ्यानंच सकाळपासून घास उतरत नाही. पण आधी कळलं तर तू मला साक्षीतून वगळशील, अन् कुसाबाई कायमची बाहेर. म्हणून साक्ष होईस्तोवर हे पत्र माझ्या पिशवीतच राहील.

उद्या साक्षीत मी खरं सांगितल्यावर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण संध्याकाळी नागलीची भाकर अन् ठेचा धाड. मिरच्या मोजून घाल, रागात तुझा हात सुटतो.

तुझी आजी सावित्रीबाई
(अंगठा, सगळं लिहून झाल्यावर)