उंदराची पेशी

मंजूच्या आजोबांना बंगलोरहून शरणम्माचा शरणू शरणार्थ.

मी खुशाल हाय. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात अभ्यास केलेली, लातूरला शिकवण्या लावलेली आपली नात इथं प्रयोगशाळेत उंदरं पाळती आणि वर पगार घेती! आपण किल्लारीत उंदरामागं काठी घेऊन पळतो, हिच्या उंदरांना मऊ गादी अन् वेळेवर दाणापाणी.

उंदराला आईबापाकडून आलेला एखादा गुण हे लोक आधीच बदलतात. मग त्याला कॅन्सर कसा धरतो ते बघत राहतात. मंजू म्हणली, "आजी, सगळं एका पेशीपासून बिघडतं."

मी म्हणलं, "खरं हाय बाई. आपल्या बांधाच्या भांडणात बी पहिल्याच पेशीला वकील आला न्हाई, अजून कोर्टात तारखा पडून राहिल्यात."

तिनं कपाळाला हात लावला. त्यांच्यात पेशी म्हणजे अंगातला बारीक कण म्हणं!

म्हैस दूध देती का नीट?

तुमच्या गालातल्या पांढऱ्या चट्ट्याचं मी तिला सांगितलं. रागावू नका. दुखत न्हाई म्हणून तुम्ही दाखवत न्हाई. ती म्हणली, उंदराला बी आधी दुखत न्हाई, तो मजेत दाणे खातो. हे सांगताना पोरगी हसली न्हाई.

आपल्या लेकाला, मल्लेशला घेऊन सोमवारी लातूरच्या दवाखान्यात जा. तंबाखूची डबी शोधू नका. सुनेला माझी चिठ्ठी आधीच पोचलीय.

तुमची,
शरणम्मा