बारा कोर आणि एक पंखा

जुने शहर, अकोला
२ ऑगस्ट २०२४

चि. प्रियदर्शनीस,
मामाचा सप्रेम जयभीम. माझे कान गेल्यापासून फोन सगळे मामीला येतात, मला मात्र तुझं अक्षर येतं, हे बरं आहे.

जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या दोन झिऑन प्रोसेसरपैकी कोणता घ्यावा, असं तू विचारलंस. आठ कोरचा चपळ आहे, बारा कोरचा जरा मंद. नकाशा काढताना संगणक बहुतेक एकाच कोरवर राबतो, तिथे आठवाला बरा. पण घराचं थ्रीडी चित्र तयार होताना सगळे कोर एकदम जुंपतात. निंदणाला बाया जास्त असल्या की वावर लवकर उरकतं, तसं. तुझा खोळंबा त्या चित्रापायीच होतो, म्हणून बाराच बसवतो. पंखा सर्व्हरचाच ठेवतो, मजबूत आहे.

तुझ्या आईला, संध्याताईला सांग, पोरीला उपाशी काम करू देऊ नको. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा उत्तममामा

राजापेठ, अमरावती
२० ऑगस्ट

ती. मामांस,
सविनय जयभीम. वि. वि. संगणक पोचला, लावला आणि मी थक्कच झाले. ज्या चित्राला अख्खी दुपार जायची ते आता आईचा स्वयंपाक होईस्तोवर तयार. आमचे इंजिनिअर साहेब विचारत होते, असा कुणी बांधून दिला. मी भरपूर मिरवून घेतलं.

तक्रार एकच, ते लाल दिवे कशाला लावलेत, लग्नाचा मांडव वाटतो. आई हल्ली आतल्या खोलीत टीव्ही बघते, बाकी सगळं पूर्वीसारखं. मामींच्या फोनवर व्हिडिओ पाठवलाय, बघा. अशीच माया असू द्या.
तुमची प्रिया

अकोला
२७ ऑगस्ट

चि. प्रियास,
जयभीम. व्हिडिओ पाहिला. मी कौतुकाने बघत होतो आणि तुझी मामी पार्बता कानांवर हात ठेवून बसली होती. माझ्याशी बोलायला ती पाटी ठेवते, त्या पाटीवर तिने लिहिलं, ‘पोरगी पिठाच्या गिरणीत बसून काम करून राहिली का?’

बेटा, काहून नाही सांगितलं? तुझा राग नाही. पण भीती बसली, की असे भोंगे अजून किती गिऱ्हाइकांना दिले आणि तेही कीव करून गप्प राहिले. दुकानाचा बोर्ड उतरवावा म्हणतो.
तुझा मामा

अमरावती
१ सप्टेंबर

ती. मामांस,
सविनय जयभीम. माझं चुकलं. पंखा खरंच ओरडतो, शेजारच्या गोदाबाईंनी मिक्सर बिघडला का म्हणून विचारलं. कानांपाठोपाठ कामही गेलं असं तुम्हाला वाटू नये म्हणून बोलले नाही, आणि नेमकं तेच वाटलं तुम्हाला. त्याचं फार वाईट वाटतंय. काम तुमचं चोख आहे, पंखाच तेवढा बदलायचाय.

रविवारी संगणक घेऊन येते. तुम्ही बसवा, मी ऐकून खरं खरं सांगते. तोवर बोर्डाला हात लावायचा नाही.
तुमची प्रिया

अकोला
१६ सप्टेंबर

चि. प्रियास,
जयभीम. नवा मोठा पंखा लावल्यावर तू आवाज नाही म्हणून मान हलवलीस, तरी मी पार्बताला घरातून बोलावून पुन्हा ऐकायला लावलं. रागावू नकोस, एकदा फसलो होतो.

लग्नानंतर इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा दुकानात आली, आणि आता रोज खुर्ची टाकून बसते. तिने ऐकल्याशिवाय संगणक गिऱ्हाइकाच्या हाती जात नाही. बोर्ड जागेवर आहे.

काल एक तयार झाला. मी झाकणावर हात ठेवून तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. तिने बराच वेळ कान लावला, मग पाटी ओढून लिहिलं, ‘चूप हाये. द्या.’
तुझा उत्तममामा