मन्मथच्या जेवणाचे वार

लिहून ठेवणार कस्तुराबाई भ्रतार गुरुपादप्पा तोंडारे, वय अडुसष्ट, धंदा शेवया करून देणे, राहणार जळकोट, तालुका उदगीर, जिल्हा लातूर. जिल्हा नवा झाला, विहिरी जुन्याच कोरड्या आहेत.

माझे डोके ठिकाणावर आहे, दम्याने छाती तेवढी नाही. कोणाच्या दाबाखाली न येता, माझ्यामागची व्यवस्था स्वहस्ते लिहिते, ती येणेप्रमाणे.

कलम १. मला एकच मुलगा, मन्मथ. वय चौतीस, समज पाच वर्षांच्या लेकराची. लातूरच्या एका कचेरीत त्याची सोय विचारली. साहेब म्हणाले, शाळा आहे, पण अठरा वर्षांपर्यंत. पुढे काय, म्हटले. "घरीच ठेवा की." मी आहे तोवर घर आहे, हे साहेबांना कोणी सांगावे?

कलम २. माझे यजमान लहानपणी उदगीरला वार लावून जेवले, रोज एका घरी, आणि शिकून मास्तर झाले. मन्मथचेही तसेच वार लावावेत असे मी ठरवले. जो वार घेईल त्याला माझी वस्तू. त्यात हा दुष्काळ, म्हणजे तेरावा महिनाच.

कलम ३. शेवयांचे यंत्र शेजारच्या उमादेवीस. सोमवार तिचा. दांडा मन्मथनेच फिरवावा. ते काम त्याला येते, दुसऱ्याने हात लावला की तो रडतो. यंदा गहूच नाही, शेवया कुठल्या, हे मलाही दिसते. तरी यंत्र मोडीत घालू नये.

कलम ४. राहते घर पुतण्या गुरुलिंग यास. मंगळवार, बुधवार, गुरुवार त्याचे. "काकू, माझ्या ताटातलं देतो," असे तो म्हणाला. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. मी नांदेडला दवाखान्यात होते तेव्हा त्याने मन्मथला गोठ्यात बांधून ठेवले होते. घोट्यावरचे वळ अजून आहेत. गुरुलिंग, पुन्हा बांधू नकोस. मी विसरलेले नाही. घर तुला मिळते ते दुसऱ्या कोणी तीन वार घेतले नाहीत म्हणून.

कलम ५. शनिवार चांगुणाबाईने न मागता दिला होता. ती बौद्धवाड्यातल्या लिंबाजीची बायको, रोजगार हमीवर खडी फोडते. गुरुलिंगला कळले. "तिथं जेवला तर माझ्या उंबऱ्यावर न्हाई यायचं त्यानं," म्हणाला. एका वारासाठी तीन कसे सोडू? म्हणून शनिवार काढला. हे लिहिताना मला लाज वाटते. चांगुणाबाईला सांगितले तर म्हणाली, "लिहू नका माय. मागल्या दारानं पाठवा, म्या वाढीन." पण मन्मथला मागचे दार कळत नाही. तो हाका मारत पुढूनच जातो. माझी तांब्याची घागर तिला द्यावी. ती नको म्हणेल, तरी द्यावी.

कलम ६. शुक्रवार आणि रविवार कोणाचेच नाहीत. शेषेराव व चन्नबसप्पा यांना विचारले. दोघांनी दुष्काळाचे कारण सांगितले, ते खोटे नाही. साक्षीला मात्र लगेच हो म्हणाले.

कलम ७. मला नेतील तेव्हा मन्मथला लांब ठेवावे. आमच्यात मातीत पुरतात. जागा दिसली तर तो उकरील.

मी मेले हे त्याला सांगू नये. शिमग्यापासून मी त्याला सवय लावून पाहते. दर सोमवारी सकाळी उमादेवीकडे पाठवते आणि दार आतून लावून घेते. जेवून तो परत येतो, दार वाजवतो. "आई बाजाराला गेली," असे उमादेवीने सांगितले की ओट्यावर बसून राहतो, दिवस मावळेपर्यंत. मी आत तोंडाला पदर लावून खोकते. माझ्यामागे जो या घरात असेल त्याने त्याला ओट्यावरून उठवू नये आणि रोज एवढेच सांगावे. खोट्याचे पाप माझ्याकडे.

आत्ताही तो बाहेर बसला आहे. सहीसाठी चन्नबसप्पा पुढून आले, तर मन्मथनेच त्यांना सरकून जागा दिली. "आई बाजारला गेलीया. बसा, येतीया." मग ते मागच्या दाराने आत आले.

मुक्काम जळकोट, सोमवार, ता. १२ मे १९८६

सही: कस्तुराबाई भ्र. गुरुपादप्पा तोंडारे

साक्षीदार:
१. चन्नबसप्पा मलप्पा हालगे
२. शेषेराव ग्यानोबा केंद्रे