केबिन रोडवरचं दुकान राहिलं

भाईंदर पूर्व,
१२ डिसेंबर २००६

ती. उर्मिलावन्सं यांना,
सुगंधाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तुमची भाची समिधा कॉलेजला जातेय, मजेत आहे.

आधी गोड बातमी. दुकान राहिलं! ह्यांनी जाण्याआधी हौसेने घेतलेलं ते शिवणाचं दुकान मी विकायला काढलं होतं, हे तुम्हाला कळवलंच नाही. तुम्हाला घोर लागला असता. झालं असं, समोर मोठी बँक आली आणि पालिकेने आमच्या ओळीतल्या गाळ्यांचं करासाठीचं मूल्य बँकेच्या भाड्यावरून धरलं. कर एवढा वाढला की ब्लाउज शिवून भरणं अशक्यच.

शेजारी पिठाची गिरणी आहे, हरिश्चंद्र पाटलांची. इथल्याच मोरवा गावचे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. ते म्हणाले, "इकू नका. हरकत घेऊ." सगळ्या दुकानदारांना त्यांनीच गोळा केलं. माणूस चांगला आहे. असो.

पालिकेतल्या सुनावणीला ते उभे राहिले. "सायब, समोर बँक आली म्हनून माजी गिरन जादा चालते का? न्हाय ना?" सगळे हसले, साहेबही हसले. मग पाटील एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "आता या बोलतील."

वन्सं, तुमच्यासमोर कधी तोंड न उघडणारी मी! म्हटलं, "साहेब, कर आम्ही भरणारच. पण एकदम एवढी उडी नको. दर वर्षी थोडा थोडा वाढवा, म्हणजे दुकानं जगतील." साहेबांनी मान डोलावली.

काल निकाल लागला. जुन्या गाळ्यात मालक स्वतः धंदा करत असेल, तर मूल्य वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंतच वाढणार. मिठाईवाल्या भावेशने रस्त्यातच जिलेबी वाटली. "भाभी, आज तो मुँह मीठा करनाही पडेगा!" मी भररस्त्यात हसत होते. किती वर्षांनी!

पाटीलही जिलेबी घेऊन दुकानात आले. पुडा शिलाई मशीनवर ठेवला. मग म्हणाले, "दुकानं शेजारी हायेत. घरं कशाला लांब?"

मी म्हटलं, वन्सांना विचारून सांगते.

खोटं लिहिलं. मी तिथंच हो म्हटलं. समिधाने तर मला उचलून गरकन फिरवलं. पण रात्री तुमची आठवण आली आणि बोलायला कुणी नव्हतं. ह्यांचा फोटो भिंतीवर तसाच राहील, हे पाटलांनी मी न विचारता सांगितलं.

जानेवारीत लग्नाची नोंदणी करायची आहे. माझ्या माहेरचं आता कुणी उरलं नाही. माझ्या बाजूने तुम्ही उभ्या राहाल का? रागावलात तर रागवा, पण या. तुमचा साडीवरचा ब्लाउज मीच शिवणार, मापाला आधी या.

लग्नानंतरही तुमचीच भावजय,
सुगंधा