साडे मुंडे

१४ फेब्रुवारी २००६, एडिसन

शेजारच्या बीजींच्या फॉर्मवर 'मुलं : नाहीत'. आणि त्यांच्या जबानीच्या माझ्या भाषांतरात, माझ्या सहीनिशी – 'आमचे मुलगे संध्याकाळी आले, जेवले, गेले'! वकीलबाईंचा फोन लॅबमध्येच आला. "उत्तरा, मुलं नसलेल्या बाईकडे मुलगे आले कुठून?"

अधिकाऱ्यानं हे पकडलं तर बीजी खोटारड्या ठरणार. आश्रयाचा अर्ज फेटाळला, की परत पंजाब. तेच पोलीस ठाणं.

बीजी 'साडे मुंडे' म्हणाल्या होत्या. साडे म्हणजे आमचे, मुंडे म्हणजे मुलगे. नांदेडला हजूरसाहिब गुरुद्वाऱ्यामागच्या गल्लीत वाढले, एवढी पंजाबी येतेच – हाच माज नडला.

१५ फेब्रुवारी

विचारलं. बीजी कणीक मळत होत्या, हात थांबले नाहीत. "अगं हजूरसाहिबवाली, मुंडे म्हणजे ते बंदूकवाले. खलिस्तानवाले. सगळं गाव तसंच म्हणायचं."

आमच्या गल्लीतले मुंडे क्रिकेट खेळायचे! शब्द तोच. त्यांच्या गावात तो कुठल्या कुठे गेला, मला पत्ता नाही. चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात गल्लीतल्या सरदारजींनी दारं लावून घेतली होती, आणि कॉलेजात जाणारी मी परीक्षा पुढे जाईल का याच्या काळजीत. नंतरचं पंजाब पेपरात वाचलं. आज इतके मेले, उद्या तितके. बस.

"तुम्हाला हवा होता वेगळा देश?"

"त्यांनी सरकारकडे देश मागितला, माझ्याकडे रोट्या. सकाळी पोलीस हजर – का दिल्यास?" एक्याण्णव साली त्यांच्या नवऱ्याला नेलं ते यापायीच. परत आणलं ते चादरीत.

"धाकानं दिल्यात ना?"

"बंदूकवाल्याला नाही कोण म्हणतं? तू लिही."

१७ फेब्रुवारी

खरं लिहिलं तरी पंचाईत! इथल्या आताच्या कायद्यात अतिरेक्यांना जेवू घालणं हीसुद्धा मदत. धाकानं घातलं तरी. वकीलबाई म्हणतात, "'काही तरुण' लिही ना. ते काही खोटं नाही." खोटं नाही, पण मला अर्थ माहीत असताना तो गिळायचा?

रात्री जेवताना शशिकांत वैतागला. "तू ट्रान्सलेट करतेस की निकाल देतेस?" मी ताट तसंच ठेवून उठले. पण त्याचं अगदीच चूक नाही. हा माझा प्रामाणिकपणा – आणि परतीच्या विमानात बसवणार बीजींना!

१८ फेब्रुवारी

काही सुचत नाही.

२१ फेब्रुवारी

सही केली. 'मुंडे : सशस्त्र फुटीरवादी तरुण, अर्जदाराचे मुलगे नव्हेत. आधीची चूक भाषांतर करणारीची. जेवण धाकाने दिले.' वकीलबाई तासभर भांडल्या, मग म्हणाल्या, निदान धाकाचा आधार घेऊन लढता येईल. कागद आजच रवाना.

एक खुपतंय. 'धाक' हा शब्द मी पुढे केला. बीजींनी तो फक्त नाकारला नाही.

२३ फेब्रुवारी

सहीच्या आधी करायचं ते आज केलं – सगळं बीजींना पंजाबीत वाचून दाखवलं. 'अर्जदाराचे मुलगे नव्हेत'पाशी त्यांनी माझा हात धरला.

"पुत्तर, पहिल्यांदा लिहिलं होतंस तेच बरोबर होतं. त्यांत एक माझा होता."

मग फॉर्मवर 'नाहीत' कसं?

"मुलं किती आहेत, विचारलं त्यांनी. किती होती, ते नाही विचारलं."