दोनशे अंशांची ताटली

निरवांगी, रविवार, दिवेलागण

आबांच्या मांडीला कोरफडीचा गर लावून आत्ताच बसलेय. तळहाताएवढा फोड आलाय. मला बघवत नाही.

उसाच्या चिपाडाचा लगदा प्लॅस्टिकमध्ये मिसळून मी बारामतीच्या प्रयोगशाळेत ताटल्या केल्या. दोनशे अंशांपर्यंत जळत नाहीत, असं आबांना फोनवर सांगितलं. कुणी सांगितलं होतं मला आकडा सांगायला?

आज दुपारी तळी भरून झाल्यावर भावकीची पंगत बसली. आबांनी पत्रावळ्या बाजूला सारल्या. "माझ्या पोरीनं केल्यात, ह्यातच वाढा. दोनशे अंश सोसत्यात!" सगळ्यांना दिसावी म्हणून पहिली ताटली त्यांनीच दोन्ही हातांनी वर धरली. चुलीवरची उकळती आमटी पडली आणि ताटली ओल्या भाकरीसारखी मधून वाकली. सगळी आमटी मांडीवर.

यंत्रात तापवून ताटली जळायला कधी लागते, तेवढंच मी पाहिलं. मऊ कधी पडते, हे बघायचं सुचलंच नाही. घरात रोज आमटी उकळते, तरी?

मघाशी चुलते विचारायला आले. आबा म्हणाले, "ताटली चांगली हाय. आमटीच लई गरम हुती."

ती वाकडी ताटली त्यांनी धुऊन फडताळात ठेवलीय. मी हातात घेऊन दोनदा निरखली. जळाल्याची कुठंही खूण नाही. माझं म्हणणं खरंच निघालं.