एका गाडीतले दोन उमेदवार

केंटकी, ऑक्टोबर १८६०

इफ्रेम भावजी,

खुशाली विचारत बसत नाही, मला एकेक अक्षर जुळवावं लागतं.

तुम्ही आणि आमचे हे एकमेकांविरुद्ध उभे, तरी एकाच घोडागाडीतून सभांना जाता, खानावळीत एकाच खाटेवर झोपता. इथले उमेदवार तसंच करतात. पण शनिवारी तुम्ही तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर चढून ओरडलात, "गुलामांचा कैवारी हा जोसाया! ह्याला टांगायला दोर मी देतो!" लोकांनी टाळ्या पिटल्या. खाली उतरून तुम्ही ह्यांच्या पाठीत थाप मारलीत, "काय रे, कसं झालं?" हे म्हणाले, "घसा बसलाय तुझा, मध घे." आणि दोघं हसत गाडीत बसलात.

ऐकणारे तुमच्या गाडीत नव्हते, भावजी. काल आमच्या फाटकाला कुणीतरी नव्या दोराचा फास बांधून गेलं. ह्यांना दाखवला तर म्हणाले, "इफ्रेमला सांगतो, हसून मरेल." आज पुन्हा तुमच्याच गाडीत बसून गेले.

उद्या सभेत एवढंच सांगा, की जोसाया माझा मित्र आहे. मतं गेली तर जाऊ द्या.

इथवर लिहून हे पत्र टपालवाल्याकडे नेलं होतं. त्याच्या खोगिराला तसलाच नवा दोर होता. "काय बाई, नवऱ्याला शेवटचा निरोप का?" म्हणाला आणि हसला. पत्र तसंच परत आणलं.

आता खेचर जुंपून मीच हे पत्र घेऊन निघते, सभेआधी तुमच्या हातात देईन. उद्या बुंध्याला लागून उभी राहीन, फाटकावरचा फास हातात घेऊन. माझ्याकडे बघून बोला.

तुमची वहिनी,
हेप्झिबा